शील्ड गेली, कप आला: मग २०२३-२४ चा हंगाम नक्की कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मुंबई सिटीचे चाहते आहेत. २०२३-२४ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगमध्ये, त्यांचा संघ साखळीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत तालिकेत पहिला होता. १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानकडून १-२ असा हरला आणि लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या आलेल्या संघाला मिळणारी ढाल, हातची गेली. तीन आठवडे व्हायच्या आत, ४ मे रोजी, कोलकात्यातल्या त्याच सॉल्ट लेक मैदानावर त्याच संघाला बाद फेरीच्या अंतिम सामन्यात ३-१ ने हरवून मुंबईने कप जिंकला. मित्र म्हणतो, कप जिंकला तोच विजेता. यांना ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. म्हणून विचारतात की खरा सर्वोत्तम संघ कोणता, आणि गुणतालिकेवर भरवसा कधीपासून ठेवायचा?

मी भारतीय क्लबांसाठी सामन्यांचं विश्लेषण करतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ कापायचे, आपल्या खेळाडूंच्या धावण्याचे आकडे बघायचे आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोचसमोर बसून काय चुकलं, काय जमलं ते दाखवायचं. मुंबई किंवा मोहन बागान यांच्याशी माझा पगाराचा संबंध नाही, तेव्हा कुणाची बाजू घ्यायचं कारणही नाही.

तुमचे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण मुळात एकच आहेत. गुणतालिका काय मोजते? बहुतेक लोक धरून चालतात की ती संघाची ताकद मोजते. ती मोजते झालेल्या सामन्यांतले गुण. ते सामने कुणाशी झाले, कुठे झाले, किती दिवसांच्या विश्रांतीनंतर झाले आणि त्या दिवशी कोण कोण खेळायला उभं होतं, हे तालिकेच्या रकान्यांत कुठेच दिसत नाही. आमच्या कामाचा अर्धा वेळ हे न दिसणारे रकाने भरण्यात जातो.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातलं बरंच काही लीगच्या रचनेवर अवलंबून असतं. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये योगायोग एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात. आपल्याकडे त्या हंगामात १२ संघ होते आणि प्रत्येकाला २२ सामने. तेवढ्यात एखादी दुखापत, एखादं लाल कार्ड किंवा एखादी वाईट रात्र यांचं वजन फार वाढतं. त्यात पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत, तिसरा ते सहावा यांच्यात बाद सामने. शिवाय खालच्या लीगमध्ये घसरण्याची भीती कुणालाच नव्हती. त्यामुळे मी पुढे जे मांडतो ते इंग्लंड किंवा स्पेनला जसंच्या तसं लावू नका.

आता २०२३ च्या डिसेंबरअखेरची तालिका डोळ्यांसमोर आणा. केरळ ब्लास्टर्स पहिले, १२ सामन्यांत २६ गुण. एफसी गोवा दुसरे, १० सामन्यांत २४. ओडिशाचे १२ सामन्यांत २४. मुंबई सिटी चौथी, ११ सामन्यांत २२. मोहन बागान पाचवे, १० सामन्यांत १९. त्या आठवड्यात कोचीतला कुणीही चाहता तुम्हाला सांगत होता की यंदा शील्ड आमचीच. आणि शेवटी काय झालं? मोहन बागान ४८, मुंबई ४७, गोवा ४५, ओडिशा ३९, केरळ ३३. पाचवा पहिला झाला, पहिला पाचवा झाला.

अशा वेळी सगळ्यात आधी एकूण गुण बाजूला ठेवायचे आणि प्रति सामना गुण काढायचे. गोव्याचे २.४, केरळचे २.१७, ओडिशा आणि मुंबईचे प्रत्येकी २, मोहन बागानचे १.९. एवढ्यानेच केरळचं पहिलं स्थान जरा उतरतं, कारण ते दोन सामने जास्त खेळल्यामुळे वर होते. वर्तमानपत्रात छापलेली तालिका हा हिशेब करत नाही, आणि आपल्या लीगमध्ये संघांचे झालेले सामने कधीच सारखे नसतात.

पण त्याहून मोठी गोष्ट २० डिसेंबरला अंधेरीत घडली होती, आणि तुम्ही चाहते म्हणून ती विसरला नसाल. मुंबई विरुद्ध मोहन बागान, मुंबई २-१ ने जिंकली आणि सामन्यात सात लाल कार्डं निघाली. मुंबईची चार: आकाश मिश्रा, ग्रेग स्टुअर्ट, विक्रम प्रताप सिंग, राहुल भेके. मोहन बागानची तीन: आशिष राय, लिस्टन कोलासो, हेक्टर युस्ते. टीव्हीवर सगळी चर्चा रेफरीवर झाली. माझ्यासारखा माणूस मात्र अशा वेळी वेळापत्रक उघडतो. यानंतर कोण कुणाशी खेळणार?

मोहन बागान २३ तारखेला गोव्याशी खेळले. तीन खेळाडू निलंबित, त्यात संघ आधीच दुखापतींनी बेजार. घरच्या मैदानावर १-४ ने हरले. मुंबई २४ तारखेला कोचीत गेली, चारही जण बाहेर, आणि ०-२ ने हरली. २७ तारखेला केरळने कोलकात्यात जाऊन मोहन बागानला १-० ने हरवलं. म्हणजे केरळने चार दिवसांत लीगमधल्या दोन तगड्या संघांकडून सहा गुण घेतले, तेही दोघं गलितगात्र असताना. गोव्यालाही तीन गुण तसेच मिळाले. यात केरळचा किंवा गोव्याचा काही दोष नाही. समोर जो उभा राहील त्याला हरवायचं असतं, आणि त्यांनी हरवलं. पण ते नऊ गुण बघून "केरळ आणि गोवा हे मुंबई-बागानपेक्षा सरस" असा निष्कर्ष काढणं म्हणजे अंधेरीतल्या एका रात्रीचं श्रेय कोचीला आणि मडगावला देणं.

म्हणून माझ्या नोंदवहीत प्रत्येक सामन्यासमोर चार जादा रकाने असतात: घरी की बाहेर, मागच्या सामन्यानंतर किती दिवस गेले, आपले पहिल्या अकरातले किती जण नव्हते आणि समोरच्यांचे किती नव्हते. बाकी सगळं नंतर. काही कोचांना हे रडगाणं वाटतं. पण हा हिशेब जिंकल्यावरही करायचा असतो. हरल्यावर जो समोर आणतो त्याच्याकडे कोच कारणं सांगणारा म्हणूनच बघतो, आणि ते बरोबरही आहे.

तिसरा न दिसणारा भाग म्हणजे आशियाई सामने. मुंबई त्या मोसमात एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटात होती. समोर अल-हिलाल, नसाजी मझांदरान, नवबहोर. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात सहा सामने, सहाही हरले, आणि त्यापायी सौदी, इराण, उझबेकिस्तानचे दौरे. मोहन बागान आणि ओडिशा त्याखालच्या स्पर्धेत, एएफसी कपमध्ये, एकाच गटात होते. गोवा आणि केरळ यांना असलं काहीच नव्हतं. लीगचा सामना झाला की पुढच्या सामन्यापर्यंत सरावाला बहुतेक वेळा पूर्ण आठवडा. आठवडाभर सराव मिळणं आणि तीन दिवसांत विमानाने जाऊन येऊन पुन्हा मैदानात उतरणं, यात किती फरक पडतो हे खेळाडूंच्या अंगावरच्या जीपीएस यंत्रांच्या आकड्यांत स्पष्ट दिसतं. एकूण धाव फारशी कमी होत नाही. कमी होतात त्या पूर्ण वेगाच्या धावा, आणि त्याही शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत. बचावपटू मागे परततो, पण दोन पावलं उशिरा परततो. ती दोन पावलं तालिकेत गोलफरक म्हणून दिसतात.

जानेवारीत आशियाई चषकासाठी लीग थांबली आणि ३१ तारखेला पुन्हा सुरू झाली. माझ्या मते इथे एक हंगाम संपला आणि दुसरा सुरू झाला. दोन्ही भाग वेगळे लिहून बघा. दुसऱ्या भागात मोहन बागानने १२ सामन्यांत २९ गुण घेतले: नऊ विजय, दोन बरोबरी, एक पराभव. मुंबईने ११ सामन्यांत २५. गोव्याने १२ सामन्यांत २१. केरळने १० सामन्यांत ७. होय, सात. दोन विजय, एक बरोबरी, सात पराभव.

केरळचं काय झालं याचं सोपं उत्तर सगळे देतात: कर्णधार आद्रियान लुनाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, संपला विषय. पण तारखा जुळवून बघा. लुना डिसेंबरच्या मध्यातच बाहेर गेला होता. मुंबई आणि मोहन बागानला हरवलं ते लुनाशिवायच. म्हणजे एक मोठा खेळाडू गेल्याने संघ लगेच कोसळत नाही. उरलेले दहा जण काही आठवडे ते भरून काढतात, जास्त धावतात, समोरच्यालाही नव्या रचनेची सवय नसते. मग जानेवारीत क्वामे पेप्रा जायबंदी झाला, फेब्रुवारीत गोलरक्षक सचिन सुरेशचा खांदा गेला, आणि तोवर प्रतिस्पर्ध्यांच्या विश्लेषकांनीही लुनाशिवायच्या केरळचे पाच-सहा सामने कापून ठेवले होते. लीग पुन्हा सुरू झाल्यावर ओडिशा, पंजाब आणि चेन्नईयिन यांच्याकडून सलग तीन पराभव. एवढं होऊनही दिमित्रिओस डायमँटाकोसने १३ गोल करून गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचं बक्षीस, मिळवलं. उत्तम आघाडीवीर असूनही संघ घसरू शकतो, कारण चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवणारे गेलेले असतात.

आता मोहन बागान. सलग तीन पराभवांनंतर जानेवारीच्या सुरुवातीला हुआन फेरांडो गेले आणि अँतोनियो हबास आले. त्यामुळे सगळीकडे "हबासची जादू" असं छापून आलं. हबास मोठे कोच आहेत, त्यांच्या नावावर दोन आयएसएल कप आधीच होते, त्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण त्याच वेळी आणखी चार गोष्टी घडल्या. निलंबित खेळाडू परतले. दुखापतीतले बरे झाले. ह्युगो बुमूच्या जागी योनी काउकोची नोंदणी झाली आणि मधल्या फळीत चेंडू कधी थांबवायचा, कधी पुढे ढकलायचा हे कळणारा माणूस आला. आणि एएफसी कपमधून ते आधीच बाहेर पडले होते, त्यामुळे दौरे संपले. कोच बदलतात ते संघ वाईट अवस्थेत असतानाच, आणि वाईट अवस्था बहुतेकदा थोडी दुर्दैवाचीही असते. दुर्दैव आपोआप ओसरतं, श्रेय नव्या कोचला मिळतं. तुमच्याकडे बघा: नोव्हेंबरमध्ये डेस बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले, डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की आले, आणि हंगामाच्या दुसऱ्या भागात मुंबईचे प्रति सामना गुण २ वरून २.२७ वर गेले. त्याला कुणी जादू म्हटलं नाही, कारण आधी घसरण दिसलीच नव्हती.

इथे भारतीय लीगची एक खास गोष्ट सांगायला हवी, जी परदेशी सामने बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त चार परदेशी, म्हणजे कमीत कमी सात भारतीय. सगळे क्लब चांगला स्ट्रायकर, चांगला मधला खेळाडू बाहेरून आणू शकतात. हंगाम ठरतो तो तुमचा आठवा, नववा, दहावा भारतीय खेळाडू किती चांगला आहे यावर. डावा बचावपटू निलंबित झाला तर त्याच्या जागी कोण? मोहन बागान आणि मुंबई या दोघांकडे याचं उत्तर होतं. आशियाई चषकाच्या भारतीय संघात या दोन क्लबांचा वाटा किती मोठा होता ते आठवा. केरळकडे अकरा चांगले होते, पंधरा नव्हते. डिसेंबरपर्यंत अकरांवर निभावतं. मार्चमध्ये नाही.

या सातच्या नियमाचा तुमच्या क्लबला थेट फायदाही झाला होता. ८ मार्चला जमशेदपूरमध्ये मुंबईची १-१ अशी बरोबरी झाली. पण जमशेदपूरने मैदानावर किमान सात भारतीय ठेवण्याचा नियम मोडला होता, म्हणून शिस्तपालन समितीने सामना मुंबईला ३-० असा दिला. एका गुणाचे तीन झाले. मुंबईच्या ४७ मधले दोन गुण कागदावर आलेले आहेत. मोहन बागानचे चाहते हे तुम्हाला ऐकवणारच, तेव्हा तयार राहा. तुमच्यासाठी एक मुद्दा देऊन ठेवतो: ते दोन गुण नसते तरी १५ एप्रिलला दोन्ही संघ ४५ वर असते आणि मुंबईला बरोबरी तेवढीच पुरली असती, कारण गुण समान झाल्यावर आयएसएल आधी आपसातले सामने बघते आणि अंधेरीतला सामना मुंबईने जिंकला होता. २०२०-२१ मध्ये शील्ड अशीच मिळाली होती. दोघांचे ४० गुण, आणि आपसातले दोन्ही सामने मुंबईचे.

वेळापत्रकाचा आणखी एक नमुना म्हणजे हैदराबाद. २०२२ चा कप जिंकलेला हा क्लब २०२३-२४ मध्ये पैशांच्या अडचणीत सापडला, बरेचसे खेळाडू निघून गेले, आणि दुसऱ्या भागात मुख्यतः तरुण भारतीय मुलं घेऊन खेळला. २२ सामन्यांत एकच विजय, ८ गुण. अशा संघाशी तुमचा सामना ऑक्टोबरमध्ये आहे की मार्चमध्ये, याने फरक पडतो. तालिकेत दोन्हीचे गुण तीनच.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: डिसेंबरची तालिका खोटी नव्हती, पण ती प्रामुख्याने कोण दमलं होतं, कोण निलंबित होतं आणि कुणाचे किती सामने झाले होते हे सांगत होती. एप्रिलची तालिका पाठीमागे किती खेळाडू आहेत हे सांगत होती. मे महिन्यातला कप तिसरंच काहीतरी सांगतो. त्याकडे येऊ.

१५ एप्रिलचा सामना मी कामासाठी पुन्हा पुन्हा बघितला आहे. मुंबईला बरोबरी पुरेशी होती आणि हीच अडचण होती. बरोबरी पुरणारा संघ बहुधा ठरवून बचावात्मक खेळत नाही, पण प्रत्येक खेळाडू एकेक मीटर मागे सरकतो. बाजूचा बचावपटू पुढे जाताना एकदा जास्त विचार करतो. साठ हजारांहून जास्त लोक ओरडत असताना हे आणखी वाढतं. २८ व्या मिनिटाला लिस्टन कोलासोने गोल केला, म्हणजे डिसेंबरमध्ये लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेल्यांपैकीच एकाने. ८० व्या मिनिटाला जेसन कमिंग्जने दुसरा. ८९ व्या मिनिटाला छांगटेने एक परत केला, तोवर उशीर झाला होता. पहिला गोल खाल्ल्यानंतर मुंबईकडे जवळजवळ तासभर होता आणि एकच गोल हवा होता. त्या तासात बागानने चेंडू मुंबईकडे दिला आणि जागा दिली नाही. हबासचं श्रेय मी कुठे मानत असेन तर ते या साठ मिनिटांत.

कपची वाट वेगळी होती. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात गोव्यात मुंबई ९० व्या मिनिटापर्यंत ०-२ ने मागे होती आणि ३-२ ने जिंकली. तिन्ही गोल ९० व्या मिनिटापासून पुढे, भरपाई वेळ संपता संपता. मुंबईकर म्हणून तुम्ही नाचला असाल, नाचायलाच हवं. पण एक क्षण विचार करा: त्या सहा-सात मिनिटांत एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला असता, तर आज आपण या प्रश्नावर बोलतही नसतो. परतीचा सामना मुंबईने २-० ने सहज जिंकला. अंतिम सामन्यात पुन्हा कमिंग्जने मध्यंतराच्या आधी बागानला पुढे नेलं. मग परेरा डियाझ, ८१ व्या मिनिटाला बिपिन सिंग, आणि अगदी शेवटी याकुब वोइतुश. वोइतुश हंगामाच्या दुसऱ्या भागात आलेला बदली खेळाडू, आणि बिपिनने २०२१ च्या अंतिम सामन्यातही ९० व्या मिनिटाला विजयी गोल केला होता. पुन्हा तोच मुद्दा: बाकावर कोण आहे.

अंतिम सामन्यात मुंबईला बरोबरीचा आधार नव्हता आणि तेच तिच्या पथ्यावर पडलं. बाजूचे खेळाडू एप्रिलच्या मानाने वर उभे होते, चेंडू गमावल्यावर मागे पळण्याऐवजी तिथेच परत मिळवायचा प्रयत्न होत होता. एकोणीस दिवसांत मुंबईचा संघ सुधारला किंवा बागानचा बिघडला असं मी म्हणणार नाही. सामन्याची गरज बदलली, म्हणून सामना बदलला.

मग सर्वोत्तम कोण? खरं सांगायचं तर २२ सामन्यांत एका गुणाचा फरक म्हणजे ताकदीत फरक नाही. दोघं त्या मोसमाच्या आयएसएलमध्ये एकमेकांशी तीनदा खेळले, मुंबई दोनदा जिंकली, बागान एकदा. "कोण जास्त ताकदवान" याचं उत्तर इतक्या थोड्या सामन्यांवरून कुणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, आणि कुणी दशांश चिन्हासकट देत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण "हंगाम कुणाचा" हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मी देतो: मोहन बागानचा. प्रत्येकाशी घरी आणि बाहेर खेळून, सात महिन्यांत सर्वांत जास्त गुण त्यांचे. आशियाई स्पर्धेतली जागाही कपला नाही, शील्डला मिळाली. २०१९-२० ची पहिली शील्ड गोव्याने घेतली आणि त्या जोरावर तो एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. गंमत अशी की बक्षीस उलटं होतं: शील्डला साडेतीन कोटी, कपला सहा कोटी. लीगनेच आपल्या पैशांनी मित्राची बाजू घेतली होती, म्हणून त्याला पूर्ण वेडा ठरवू नका.

तरी त्याला एक प्रश्न जरूर विचारा. २०२२-२३ मध्ये मुंबईने २० सामन्यांत ४६ गुण घेऊन शील्ड जिंकली, सलग १८ सामने अपराजित राहिली, आणि उपांत्य फेरीत बेंगळुरूकडून पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर पडली. कप घेतला एटीके मोहन बागानने (मोहन बागानचं तेव्हाचं नाव). ते साखळीत ३४ गुणांसह तिसरे होते, तुमच्यापेक्षा १२ गुण मागे. कपवालाच खरा विजेता असेल तर तो हंगामही त्याला बागानला द्यावा लागेल. देईल का?

आता दुसरा भाग, तालिकेवर भरवसा कधी ठेवायचा. माझा साधा नियम आहे की सगळे सगळ्यांशी एकदा खेळून होईपर्यंत स्थानांकडे बघायचंच नाही. १२ संघांत म्हणजे ११ सामने. तोवर प्रति सामना गुण बघा, त्यातही घरचे आणि बाहेरचे वेगळे करा. बाहेरच्या सामन्यांत दीड गुणाच्या आसपास घेणारा संघ मला नेहमी जास्त खरा वाटतो.

गोल किती झाले यापेक्षा संधी किती आणि कसल्या निर्माण झाल्या हे बघणंही उपयोगाचं असतं. यासाठी एक्सजी नावाचा आकडा वापरतात, म्हणजे त्या जागेवरून, तशा स्थितीत मारलेल्या फटक्यांपैकी सरासरी किती आत जातात. पेनल्टी साधारण ०.७६ ते ०.७९, म्हणजे चारात तीनच्या जरा वर. दहा सामने एखादा संघ संधींच्या मानाने फार जास्त गोल करत असेल, तर ते पुढचे दहा सामने टिकण्याची शक्यता कमी. पण एका सामन्याचा एक्सजी दाखवून "आम्हीच जिंकायला हवं होतं" म्हणू नका. दोन गोलांनी पुढे असलेला संघ मुद्दाम कमी फटके मारतो. आणि हा आकडा कोण निलंबित होतं ते सांगत नाही. त्यासाठी ते चार रकानेच भरावे लागतात.

हे घरी करायला वीस मिनिटं पुरतात. सामन्याच्या आदल्या रात्री दोन्ही संघांची मागची अकरा लिहा, सामना सुरू व्हायच्या आधी नवी अकरा लिहा, फरक मोजा. दोन सामन्यांमधले दिवस मोजा. लाल कार्डं आणि पिवळ्या कार्डांची बेरीज ठेवा, कारण कोण पुढच्या सामन्याला मुकणार हे बहुतेक वेळा आधीच कळतं. जानेवारीत खेळाडूंची देवघेव संपली की नव्या पानावर शून्यापासून सुरुवात करा आणि जुनं पान फक्त तुलनेपुरतं ठेवा. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना मात्र जरा हलकं वजन द्या. तेव्हा काही संघ सहाव्या जागेसाठी जिवावर उदार होऊन खेळतात (२०२३-२४ मध्ये सहाव्या आणि नवव्या संघात फक्त तीन गुण होते), तर काहींचं सगळं ठरून गेलेलं असतं आणि ते पुढच्या मोसमासाठी मुलांना बघत असतात. त्या आठवड्यांतला ४-० चा विजय बघून पुढच्या वर्षाची स्वप्नं रंगवू नयेत, तुमच्या क्लबचा असला तरी.